तेलाची दांडी

सकाळी नीट असते.
येवलेवाडीपर्यंत तक्रार नाही.
मग बोपदेवच्या दुसऱ्या वळणावर
काटा चार हजारांवर चढतो,
आवाज पुढे निघून जातो
आणि गाडी मागे राहते.

एवढं सांगून मी थांबले.
शकूर आत्तारांनी काही लिहून घेतलं नाही.
"गरम झाल्यावरच ना?"
गरम झाल्यावरच.
"आणि रिव्हर्सला?"
रिव्हर्स उत्तम. मागे जायला ती कधी कुरकुरत नाही.
ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

दोन हजार पाचची गाडी.
माझा डावा पाय लहानपणापासून नावापुरता,
क्लच दाबणं त्याच्या नशिबात नाही,
म्हणून तेव्हा अख्खं पुणं पालथं घालून
ही दोन पेडलवाली आणली.
सोसायटीत म्हणायचे, बाईंची चारचाकी स्कूटर.

कोंढव्यात, पारगेनगरच्या मागे, पत्र्याखाली:
"ब्रेक दाबून धरा. डी-मध्ये टाका.
आता ॲक्सिलरेटर. पूर्ण."
गाडी जागच्या जागी थरथरली,
काटा जिथे थांबायला हवा तिथे थांबला नाही.
"सोडा, सोडा!
पाच सेकंदांवर नाही ठेवायचं, जळतं आतलं."
ते पाच सेकंद त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजले होते.

मग इंजिन चालू ठेवूनच दांडी ओढली,
कालच्या पेपरच्या कोऱ्या कडेवर टेकवली.
नवं असतं तेव्हा कोकमाच्या सारासारखं, आरपार लाल.
हे म्हणजे चहाच्या पातेल्याच्या तळाचं,
आणि त्यात काळे कण, जात्यातून पडावेत असे.
कागद उन्हात तिरका धरून त्यांनी चमक शोधली.
"धातू नाही. बरंय."

आणि दांडी माझ्यापुढे केली.
"मॅडम, वास घ्या."
मी?
"माझं नाक गेलं. दुसऱ्या लाटेत.
बाकी सगळं परत आलं."
माझी नजर पाटीवर गेली: आत्तार ऑटो.
"हां," ते म्हणाले, "आजोबा अत्तरच विकायचे."

तेहतीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं.
हात आपोआप उठला,
परीक्षानळीवरची हवा नाकाकडे ढकलतात तसा.
"असं नाही. नाक लावा."

लावलं.
"जळका?"
हो, पण.
"पण काय?"
दूध करपल्याचा नाही, त्याला एक गोडवा असतो.
कुकरमध्ये पाणी घालायचं राहिलं की रिंगेचा येतो तो,
आणि त्याच्या मागे कुठेतरी
पावाची काळी झालेली कड.
ते डोळे मिटून ऐकत होते.
"आजचं करपणं आहे, की जुनं?"
तेहतीस वर्षांत एकाही पोराने
मला असा प्रश्न विचारला नाही.
पुन्हा नाक लावलं.
जुनं. भांडं दोनदा घासलं तरी उरतं, तसं.

मग सगळं तेल बदलून टाका, मी म्हटलं.
"तेच करायचं नाही.
आतल्या प्लेटा झिजल्यात. झिजून पडलं ते तेलातच आहे,
त्या गाळावरच त्या एकमेकींना धरून आहेत.
धुवायला गेलो तर
इथून लुल्लानगरसुद्धा गाठायची नाही.
अर्धा लिटर कमी आहे, तेवढं घालतो.
घाट सोडा."
सासवडला माझी बहीण असते.
"बहिणीला इकडे बोलवा."

आणि किती दिवस चालेल?
"दांडी सांगेल.
महिन्याला ओढायची, वास घ्यायचा, मला फोन करायचा."
फोनवर वास कसा सांगू?
"आत्ता सांगितला तसा."

परतताना लुल्लानगरच्या सिग्नलला लाल होतं.
मागच्या गाड्या आधीच हॉर्न वाजवत होत्या.
बोट नाकाशी नेलं.
कुकरची रिंग थोडी चुकलीच होती,
नेमका शब्द दुसराच काहीतरी असणार.