शून्याच्या खाली

मात्र्योना स्पिरिदोनोव्हनांनी फळ्यावर एक दरी काढली,
डावीकडून उतरणारी, तळ गाठून उजवीकडे चढणारी.
मग तिला छेदत एक आडवी रेघ,
मोजपट्टीशिवाय, तरी सरळ.
"हे शून्य," म्हणाल्या, "हवामानखात्याचं नव्हे.
ज्याच्या खाली लेना नदी
पिठाचा ट्रक अंगावर घेते, ते."

बाहेर उणे एकेचाळीस.
एरेल पेन काखेत धरून शाई ऊबवत बसलेला.

समीकरणात आम्ही दोन मुळं शोधायचो
आणि वही मिटायचो.
असमानतेचं तेवढ्यावर भागत नाही,
तिला दोन मुळांमधला
अख्खा हिवाळा लागतो.

"मधलाच कशावरून? बाहेरचा का नाही?"
"एक दिवस उचल. कुठलाही."
मी बाबांचा वाढदिवस उचलला, नऊ जानेवारी.
किंमत ऋण आली.
"मग आजूबाजूचे सगळे ऋणच.
रेघ गाठल्याशिवाय चिन्ह बदलत नाही."
इतकं भरवशाचं
तोवर मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग दोन्ही टोकांना त्यांनी पोकळ वर्तुळं काढली.
त्या दिवशी शून्य असतं,
शून्याहून कमी नसतं.
त्या दिवशी नदी होडीचीही नसते, ट्रकचीही नसते.

बाबांनी एका वर्षी ते वर्तुळ भरून टाकलं.
एकोणीस एप्रिल. आई पलीकडच्या दवाखान्यात.
पट्टा न लावता, ट्रकचं दार उघडं ठेवून
त्यांनी चिन्हाखाली एक बारीक रेघ ओढली:
लहान, किंवा बरोबर.
पोचले.
घरात यावर कधी बोलणं झालं नाही.
ओले नमद्याचे बूट
मे महिन्यापर्यंत चुलीशेजारी टांगलेले होते.

"आणि वक्र रेघेला शिवलाच नाही तर?"
एरेलनं विचारलं, नुसतं अडवायचं म्हणून.
बाईंनी खडू उलटा फिरवला.
एक टेकडी, पूर्ण रेघेखाली,
माथासुद्धा वर येत नाही अशी.
"ही आपल्या घरांखालची जमीन.
इथे प्रत्येक दिवस उकल आहे."
त्या वर्षी आमचं घर
सरळ उभं होतं.

आता मी धक्क्यावरच्या कचेरीत बसते.
रस्ता उघडल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख,
बावीस वर्षांच्या जोड्या एकाखाली एक.
दरीचा आकार बदललेला नाही,
फक्त कुणीतरी ती
दरवर्षी बोटभर वर उचलतंय,
आणि मुळं एकमेकांच्या जवळ येताहेत.
फरक वजा करून बघायचं मी सोडून दिलंय.

बाहेरच्या पाटीवर तारखांच्या दोन्ही टोकांना
मी पोकळ वर्तुळं काढते.
ड्रायव्हरांना ती
चाकं वाटतात.