साखर कितली?

मडगावात, पालिकेच्या बागेमागच्या गल्लीत
कायतान फुर्तादोचं दुकान.
दारात फेणीचे कॅन, फळीवर पोर्ट वाईन,
आणि मागे, एसीच्या खोलीत, आडव्या निजवलेल्या
फ्रान्सहून आलेल्या सात-आठ बाटल्या.
बाळंतिणीच्या खोलीत शिरावं तशी मी आत गेले.

म्हटलं, शॅम्पेन. एक चांगली द्या.
तो म्हणाला, चांगली कोणाला?

मला वाटलं होतं, किती पैशांतली ते विचारील.
ग्रॅच्युइटीतली एक गड्डी
रुमालात गुंडाळून आणली होती.
त्याचं उत्तर तयार होतं. ह्याचं नव्हतं.

"टीचर, च्यांत साकर कितली?"
दोन चमचे, म्हणाले. आणि थांबले.
दोन चमचे सासऱ्यांचे.
घरात टोप एकच,
लग्न झाल्यापासून मी तोच चहा पिते.
माझे किती, कुणी मोजलेच नव्हते.
मीही.

सोलकढीत नारळ जास्त, की आमसूल?
आमसूल. (हे लगेच.)
बिंबलं कच्ची खाता?
शाळेमागच्या झाडाची, मीठ लावून, अजून.
पोदेराचा उंडो? आतला मऊ, की कड?
कड. थोडी करपली असली तरी.

नाडी सापडल्यासारखी त्यानं मान हलवली.
ही डेमी-सेक, लग्नाच्या केकबरोबरची, तुमची नव्हे.
ही गुलाबी. बघायला चार माणसं लागतात हिला.
ही काळ्या द्राक्षांची, अंगानं भरलेली,
शागोतीसमोरसुद्धा हटायची नाही.
आणि ही
नुसत्या पांढऱ्या द्राक्षांची.
वरून साखर घातलेलीच नाही.
आधी हिरवं सफरचंद, मग भाजल्या पावाची कड,
आणि अगदी शेवटी, टीचर, खडू.
तिथं द्राक्षांखाली जमीनच खडूची.

खडू!
मी इतकी हसले की बाहेरचं गिऱ्हाईक डोकावलं.
एकतीस वर्षं, आठवी ब, नववी क,
खडू माझ्या डब्यातल्या चपातीत होता,
भांगात होता, बसच्या तिकिटावर होता.
आता पैसे मोजून तोच प्यायचा?
हात मात्र आधीच पुढे गेला होता.

स्कूटरवर उल्हास वाट बघत होते.
गोड बघितलीस ना?
नाही, म्हटलं, आणि बाटली मांडीवर घेऊन
कोंबपर्यंत काही बोलले नाही.

संध्याकाळी बूच निघेना. टॉवेल, पक्कड,
शेवटी आपणहून निघालं, पंख्याला लागलं.
त्यांनी एक घोट घेतला,
बिंबल चावल्यासारखं तोंड केलं
आणि चहा टाकायला आत गेले.

मी खिडकीपाशी.
बारीक बुडबुडे, घाईत नसलेले.
सफरचंद आलं. कड आली.
मग जिभेच्या मागे, कोरडं, ओळखीचं,
फळा पुसल्यावर हवेत राहायचं ते.

आतून हाक आली:
अगं, तुझ्यात साखर किती घालू?

तोंडात घोट होता.
तो गिळायची मला घाई नव्हती.