अर्थ लागत नाही

सोहारजवळ, फलज अल कबाइलमध्ये
भाड्याच्या घराचं कारपोर्ट.
गाडी बाहेर उन्हात, सावलीत टेबल:
आठ बाय चार, घरीच वेल्ड केलेलं,
अकरा शुक्रवार आणि एक ईद खाऊन उभं राहिलेलं.

जूनपासून मी कंस कापले, बिजागऱ्या कापल्या,
पोरीला फुलपाखरू कापून दिलं.
आता जानेवारी.
घरमालकाच्या आईला फाटकावर दल्ला हवाय,
कॉफीचा, बाकदार चोचीचा.
टॉर्च चोचीपाशी येतो आणि मशीन थबकतं:
लिमिट स्विच लागला.
कुठे लागला?
स्विच तिकडे, दोन हात लांब,
न मारता भोकाड पसरणाऱ्या पोरासारखा.

प्लाझ्मा पेटताना एक शिंक देतो,
हजारो व्होल्टची.
आपल्याला नुसती टिकटिक;
तारांना मात्र ती आपल्यालाच मारलेली हाक वाटते.
मोटर ओ देते, स्विच ओ देतो,
माउस घर सोडून जातो.

मग मी केबलीत फेराइटचे मणी ओवले.
संज्योत म्हणाली, गंडेदोरे झाले, आता अंगारा?
टॉर्चची वायर आणि मोटरच्या तारा
वाटण्या झालेल्या भावांसारख्या
वेगवेगळ्या भिंतींनी नेल्या.
शिल्डची जाळी एकाच टोकाला बांधली,
दुसरं मोकळं,
कारण दोन्हीकडे बांधलं की वेटोळं होतं
आणि बोंब फिरून आपल्याच दारात येते.
नटाखालचा रंग खरवडला,
लोखंड उघडं लख्ख केलं.
दल्ल्याला चोच काही फुटेना.
चार पत्रे भंगारात.

बशीर हमदुले आला, बंदरातल्या क्रेनवरचा इलेक्ट्रिशियन,
मूळचा मिरकरवाड्याचा. चहा घेतला नाही.
"अर्थ बगितलास काय?"
म्हटलं, दांडा ठोकलाय, आठ फुटी, तांब्याचा मुलामा.
"कदी?"
जूनमध्ये.
"तवा चालत होता?"
लोण्यासारखं.

त्यानं मीटर लावला: एकशे चाळीस ओहम.
दांड्याशेजारी बोट खुपसलं,
वाळू रव्यासारखी ओघळली.
मग तो वर बघत राहिला, बराच वेळ.
दांड्याच्या बरोबर डोक्यावर
एसीचा पाइप, तोंड कोरडं.

सगळा उन्हाळा मी त्या पाइपाला शिव्या दिल्या होत्या.
थेंब थेंब, रात्रभर, फरशीला शेवाळ,
वीस वेळा ठरवलं होतं वळवायचा म्हणून.
थंडी पडली, एसी बंद केला,
आणि दांड्याखालची ओल
कुणाला न सांगता निघून गेली.

दोन बादल्या पाणी, मूठभर मीठ.
बशीर म्हणाला, "मीठ बेतानं, दांडा खाईल."
दुपारी दल्ला सुटून खाली पडला,
चोचीसकट, कडा निळसर, अजून तापलेला.
पोरीनं विचारलं, म्हणजे नक्की काय झालं होतं?
मी म्हटलं, अर्थ लागत नव्हता.
ती म्हणाली, मराठीचा धडा नाही, मशीनचं सांगा.

आता रोज शिफ्टला निघताना एक बादली.
परवा घरमालकाची आई कुंपणापाशी थांबली.
लोखंडी दांड्याला पाणी घालणारा माणूस
तिनं बराच वेळ बघितला.
"एश हादा?"
मला येतं तेवढं अरबी मी खर्चलं: "कहरबा."
वीज.
तिनं मान हलवली, जशी आपण
दुसऱ्याच्या देवापुढे हलवतो.

काल डबल ड्यूटी. सकाळची बादली राहिली.
रात्री दहाला आलो तर
दांड्याभोवती वाळू गर्द,
मधोमध पाण्याचं छोटं आळं केलेलं, बोटांनी,
त्यात दोन खजुराच्या बिया.
संज्योतला विचारलं. ती नाही म्हणाली.

मीटर लावला.
नऊ ओहम.