चतुःसीमा

दिवसभर शिवाजीनगर कोर्टाबाहेर
मी कुलमुखत्यारपत्रं टाईप करते,
पानाला तीस रुपये.
लिहून देणार, लिहून घेणार,
सदर मिळकत, तिची चतुःसीमा.
शनिवारी रात्री मात्र सहकारनगरात
सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कॅरमबोर्ड उलटा टाकून
चार जणांना भुयारात उतरवते.

भुयार कात्रजच्या जुन्या नळाचं.
त्याचे दगडी उसासे अजून उभे आहेत पेठांत कुठे कुठे,
पण खालचा अंधार माझा,
नऊ वर्षं ग्राफपेपरवर रचलेला, दोन शायांनी.
दारामागे काय आहे ते मला ठाऊक
आणि वीस बाजूंच्या फाशाला.

यास्मिन म्हणाली, छापूया.
अप्पा बळवंत चौकातले लोणकर
बत्तीस पानं, पिन मारून, अडतीस रुपये म्हणाले.
पन्नासला विकू.
तेव्हा मी पहिल्यांदा वाचलं
मूळ खेळाच्या पुस्तकाचं शेवटचं पान,
ज्यावर इतकी वर्षं आम्ही चहाचे कप ठेवले.

दोन दारं होती तिथे.
एकावर: आमचे राक्षस घ्या, त्यांची नावं घ्या,
पैसा घेऊ नका,
आणि हे आम्ही केलेलं नाही असं ठळक लिहा.
दुसऱ्यावर: नियम न्या, खुशाल विका,
खाली आमचा मजकूर जसाच्या तसा जोडा,
नावांना हात लावू नका.
म्हणजे फासा कसा टाकायचा ते सगळ्यांचं,
फासा पडल्यावर समोर येतो तो त्यांचा.

मला हसू आलं.
वाट सामाईक, विहीर सामाईक,
आंब्याचं झाड थोरल्याकडे.
असली पानं मी रोज टाईप करते.

दुसरं दार घेतलं. अडतीस रुपये
कुणाच्या खिशातून घालणार?
लाल पेनने सतरा ठिकाणी त्यांचा राक्षस खोडला.
सतरा भोकं.
डोळे त्यांचे होते, परत केले.
किंकाळीही केली परत.
पण दुपारी बाई उसाशात बादली सोडते तेव्हा
खालून कुणीतरी दोर धरून ठेवतं,
ओढत नाही, नुसतं धरून ठेवतं,
हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
ओजस म्हणाला, दोरधऱ्या.
आता मला त्याची जास्त भीती वाटते.

राहिली तानू पाणाडी,
पाण्याच्या वासावर वाट काढणारी, जिभेने तिखट.
कागदोपत्री कंपनीचा तिच्यावर हक्क नाही.
पण ती माझीही नाही.
सहा वर्षं ती निनाद काळसेकरच्या तोंडून बोलली
आणि तो हॅम्बुर्गला गेला त्या शनिवारपासून
भुयारात बाराव्या दालनाशी बसून आहे.
त्याला कळवलं, रीतसर, सदर पात्र वगैरे.
अकरा दिवस काही नाही.
लोणकरांचे दोन फोन.
मग रात्री अडीचला:
घे. मारू नकोस.
आणि तिला पोहता येत नाही, ते कुणी विसरू नये.

कंपनीचा मजकूर जोडला, स्वल्पविरामासकट.
त्याखाली माझा.

लिहून देणार: विभावरी गोसावी, धंदा टायपिंग.
लिहून घेणार: ज्याच्या हाती ही वही पडेल तो.
कारणे लिहून देते की सदर भुयार,
पूर्वेस उलटा कॅरमबोर्ड, पश्चिमेस चहाचा डाग,
दक्षिणेस लोणकरांची पिन,
उत्तरेस अजून खणलेलं नाही, तुम्ही खणा.
बदला, विका, पुढच्यालाही एवढीच मोकळीक द्या.
दोरधऱ्या घेऊन जा.
तानूही न्या, मात्र तिला मारायचं नाही,
आणि पाण्याशी आली की
कुणीतरी तिचा हात धरायचा.

ही अट कुठल्याही कोर्टात टिकणार नाही.
मला माहीत आहे.
मी तिथेच बसते.