उघाडी

रात्रीचे पावणेदोन. गोठिवलीत पंख्याखाली मी,
मांडीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या आत
महापेच्या थंड खोलीतलं ते मशीन,
माझ्या शब्दाची वाट बघणारं.

पहिली ओळ लिहिली: येणारं सगळं नाकार.
एन्टर.

कर्सर थिजला.
दोनदा दाबून पाहिलं. तिसऱ्यांदा दाबताना कळलं,
आत कुणीच नाही,
मी स्वतःला बाहेर ठेवून कडी लावली आहे.
बावीस नंबरचं दार आधी मोकळं ठेवायचं,
मग बाकीची लावायची:
हे मीच मागच्या महिन्यात नव्या प्रणीतला
फळ्यावर दोनदा अधोरेखित करून शिकवलं होतं.

नकाराचे प्रकारही शिकवले होते.
रिजेक्ट म्हणजे तोंडावर नाही म्हणणं.
ड्रॉप म्हणजे ऐकलंच नाही असं करणं;
हाक मारणाऱ्याला वाटत राहतं,
पोचली नसेल, पुन्हा मारू.
बाबांच्या साडेबारा टक्क्यांच्या अर्जाचं
एकोणीस वर्षं काय होत होतं,
ते मला या नोकरीत कळलं.

स्कूटी काढली. ओटीवर बाबा जागेच.
"काय झाला गो?"
"दार लागलं. मी बाहेर राहिले."

ते हसले. खारीच्या बांधावर उघाडी राखलेला माणूस.
ओहोटीला शेताचं पाणी झडप ढकलून जायचं,
भरतीला खाडीच झडप दाबून धरायची.
आतलं जाऊ दे, खारं आत नको,
एवढाच नियम, लाकडाचा, डांबर फासलेला.
आता तिथं सहापदरी रस्ता आहे.
"खांड बुजताना आपुन कंच्या अंगाला उबं हाव,
ता पयले बगाचा.
मी एकदा खाडीच्या अंगाला ऱ्हायलेलो.
कंबरभर चिखल."

महापेला वॉचमन सुरवसेंनी रजिस्टर पुढे केलं.
भेटीचं कारण?
मी लिहिलं: देखभाल.

ट्रॉलीवरचा मॉनिटर, एक की नसलेला कीबोर्ड,
अंगावर बोचरा वारा.
आधी बावीस, फक्त ऑफिसच्या पत्त्यावरून.
मग चारशे त्रेचाळीस, सगळ्यांना.
मग उरलेलं, ड्रॉप.
मोजणीचा आकडा बघता बघता चढला:
चारशे, नऊशे, दोन हजार,
कुठून कुठून कोण कोण दारं चाचपत होतं,
तेवीस नंबर, तेहतीसशे एकोणनव्वद,
भिंतीवरून हात फिरवत जाणाऱ्या आंधळ्यासारखं,
न थकता, न रागावता.
क्षणभर वाटलं, यातला एखादा
नुसता अर्ज घेऊन आलेला असला तर?

नियम सेव्ह केले. न करता निघाले असते
तर पुढच्या रीस्टार्टला सगळं वाहून गेलं असतं.
मग फाईल पुन्हा उघडली, आणि सगळ्यात वर,
हॅशची खूण देऊन, मशीन जी ओळ वाचत नाही तिथं,
बाबांचं वाक्य लिहिलं,
त्यांच्याच बोलीत, शुद्धलेखन न सुधारता.

सोमवारी प्रणीत विचारेल, ही कुठली कमांड?