अठ्ठ्याण्णव

कसबे डिग्रज, फेब्रुवारीतली रात्र.
मगदुमांच्या रानात हळद शिजतेय.
सातवीतल्या पद्मजानं शाळेचा तापमापी आणलाय
रुमालात गुंडाळून.
फुटला तर भरून द्यायचा,
आवटीबाईंनी दोनदा बजावलंय.

आधी चहाच्या पातेल्यात: अठ्ठ्याण्णव.
मग काकांनी दोरीला बांधून काहिलीत सोडला.
अठ्ठ्याण्णवच.
"मग दोन्ही सारखंच गरम?"
"च्या तू फुंकून पिशील," काका म्हणाले,
"हिला फुंकाय समदं गाव बोलवावं लागंल."

तिनं आकडा खोडला नाही,
पुढे फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

उलथन्याची मूठ जाळापासून हातभर लांब,
तरी गोणपाटाशिवाय धरवत नाही;
लोखंड कणाकणानं निरोप पुढे देतं.
पाणी तसं नाही, ते स्वतःच निघतं,
तळातून उसळून वर,
कडेनं गुपचूप खाली.
आणि चुलवाणासमोर
नडगी भाजते, पाठ काकडते,
मधल्या वाऱ्याला विचारावं तर तो गारच.

काडी टोचली. शिजली.
काहील उपसली, ढीग पडला,
चहा केव्हाच निवून साय धरलेला.

पहाटे ढिगात तापमापी: एक्कावन्न.
ढिगाला पाठ लावून बाळ्या कुत्रा
चारी पाय ताणून घोरतोय.

वहीत लिहिलं:
उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते.
उदाहरण द्या.
पेन्सिल चावून तिनं लिहिलं: बाळ्या.

बाईंनी बरोबरची खूण केली,
पिवळ्या अंगठ्याचा ठसा
जरा चुकवून.