दोनाचे तीन

गंगापूर रोडला, एका नर्सरीच्या मागे, नवा बंगला.
न्हाणीघर माझ्या खोलीहून हातभर मोठंच.
छताला परातीएवढा शॉवर,
भिंतीला हातात धरायचा एक,
आणि कमरेशी, पाठीशी
चार बारके फवारे.
शर्वरी पारख मॅडमनी सगळे स्वतः निवडले,
प्रत्येकाचं नाव त्यांना पाठ.
खालच्या जाळीचं विचारलं तर म्हणाल्या,
"ती लहानशी बघा, धात्रक. दिसायला नको."

नकाशात त्या जागी एक टिंब होतं.
शेजारी ओढेकर आर्किटेक्टच्या सुबक अक्षरात:
दोन इंच.

दोन इंच वाईट नाही.
एका बादलीच्या आंघोळीला दोन इंच म्हणजे राजमार्ग.
पण मी बोटं मोडत बसलो.
वरचा मिनिटाला अठरा लिटर,
हातातला आठ,
फवारे पाच-पाच. झाले शेहेचाळीस.
आणि दोन इंची भोक, त्यावर जाळी,
जाळीत केस, केसांत साबणाचा गाळ:
पस्तीस लिटरला त्याला धाप लागते.
उरलेले अकरा कुठे जातील?
उंबरा दोन इंचांचा.
सातव्या मिनिटाला पाणी पलंगाखाली.

लोक म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय,
आणि डोळे बारीक करतात.
मी म्हणतो तेव्हा कोबा फोडावा लागतो.

ओढेकर म्हणाले, "उतार वाढवा की."
मी म्हटलं, साहेब, फुटाला पाव इंच दिलाय.
उतार पाण्याला घाई करतो,
दार रुंद करत नाही.
त्यांना ते आवडलं नाही.
खरं सांगायचं तर मला आवडलं होतं,
जेवताना मी ते तौफिकला पुन्हा ऐकवलं.

फरशी अजून बसायची होती, म्हणून बरं.
दोनाचाच तुकडा लावला,
सहाही तोट्या पूर्ण सोडल्या.
ओढेकर मधोमध उभे, हातात मोबाईल, वेळ लावून.
पूर आला की अख्खं नाशिक
दुतोंड्या मारुतीकडे बघून पाणी मोजतं,
गुडघ्याला आलं, कमरेला आलं.
आम्ही त्यांच्या बुटांकडे बघत होतो.
तळव्याला आलं.
नाडीला आलं.
माझी कानावरची पेन्सिल पडली होती,
ती तरंगत येऊन त्यांच्या टाचेशी थांबली.

कोणी काही बोललं नाही.
मग मॅडमच हसल्या, पदराआड नाही, मोठ्यानं.
"तीन घाला. पण जाळी चौकोनी,
आणि फरशीच्या रंगाची."

घातली.
वर तीन आणि पुढे पाईप दोनाचा,
असं करणारे मिस्त्री आहेत या शहरात,
नावं घेत नाही.
मी चेंबरपर्यंत तीनच नेला.
भंवर फरशीवाला दिवसभर कुरकुरला,
त्याचा एक दगड वाया गेला.
तेही खोटं नाही.

शेवटच्या दिवशी सगळं एकदम सोडलं.
पाणी आलं, फिरलं,
जाळीपाशी क्षणभर विचारात पडल्यासारखं झालं
आणि गेलं.
खालून आवाज आला,
तहानलेल्या बैलानं हौदाला तोंड लावावं तसा.
तौफिक म्हणाला, "चाचा, चला, सहाची बस चुकेल."
मी म्हटलं, थांब. अजून एकदा.

सातपूरला आमच्याकडे पहाटे साडेपाचला पाणी येतं,
पाऊण तास.
मोरीचं भोक दीड इंचाचं,
त्यात कांचननं कापडाचा बोळा घातलाय झुरळांसाठी.
बोळा काढला, अंगावर तांब्या घेतला.
पाणी निवांत चालत गेलं, एकटंच.
त्याला कसली गर्दी.

बाहेरून ती म्हणाली,
"एवढे आठ दिवस काय करत होतात तिथे?"

दोनाचे तीन, मी म्हटलं.

"पगाराचे का?"

मी बोळा परत लावला.